अर्देशीर करसेटजी वाडिया

अर्देशीर करसेटजी वाडिया (६ ऑक्टोबर, इ.स. १८०८ - १६ नोव्हेंबर, इ.स. १८७७) हे मुंबईतील जहाजबांधणीकार व अभियंते होते. लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवडले गेलेले ते पहिले भारतीय होत.

पार्श्वभूमी आणि शिक्षण

मुंबईच्या गोदीची उभारणी ज्यांच्या नावाशी निगडित आहे त्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या वंशात अर्देशीर यांचा जन्म झाला. लवजी इ.स. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि तेव्हापासून गोदीतील मुख्य जहाजबांधणीकाराचे पद पिढ्यानपिढ्या या घराण्यात राहिले. या घराण्यातील जमशेटजी बोमनजी यांनी मलबारी सागवानातून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे इ.स. १८१७ चे जहाज आजही इंग्लंडमध्ये जतन केलेले आहे.

इ.स. १८२२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, अर्देशीर गोदीत उमेदवारीस लागले. वडील करसेटजी रुस्तमजी हेच त्यांचे गुरू. लाकडाची पारख, फळ्यांची जोडणी, जहाजाच्या फासळ्यांचा बाक या गोष्टी येथे हातांनी काम करीत व थोरांचे पाहत शिकल्या जात. ही विद्या शिडाच्या जहाजांपुरती परिपूर्ण होती. तिची मर्यादा वाफेच्या आगमनाने उघड झाली.

इ.स. १८२९ मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईत बांधून झाली आणि पुढच्या वर्षी ती सुएझपर्यंत जाऊन आली. तिचे सांगाडा-काम मुंबईचे होते, यंत्रे मात्र इंग्लंडहून आलेली होती. आगबोटीचा आराखडा करणाऱ्यास यंत्र व बॉयलर यांचा एकाच ठिकाणी पडणारा भार, चालत्या यंत्राचे हादरे आणि कोळसा जळत जाईल तसतसे हलके होणारे जहाज या सर्वांचा विचार करावा लागे. घराण्याच्या परंपरेत याचे उत्तर नव्हते. तरुण अर्देशीर यांचे मन याच प्रश्नात गुंतले.

‘इंडस’ व इतर प्रयोग

त्यांनी प्रथम स्वतः एक अश्वशक्तीचे छोटे बाष्पयंत्र तयार केले. इ.स. १८३३ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी ‘इंडस’ ही साठ टनांची लहान नौका आखून पाण्यात सोडली. गोदीत बांधल्या जाणाऱ्या युद्धनौकांपुढे ती अगदीच किरकोळ होती. पण कोणी शिकविणारा नसताना केलेला हा अभ्यास म्हणून तिचे मोल मोठे आहे. पुढील वर्षी त्यांनी माझगाव येथील आपल्या बंगल्यात व बागेत गॅसचे दिवे लावले. मुंबईला हा प्रकाश नवा होता आणि तो पाहण्यास गव्हर्नर जातीने आले होते.

इंग्लंडमधील वर्ष

इ.स. १८३८ मध्ये याच घराण्यातील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण जहाजबांधणीचे रीतसर शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला गेले व चॅटम येथील सरकारी गोदीत शिकले. त्यांच्या मागोमाग, इ.स. १८३९ मध्ये, अर्देशीर निघाले. आगबोटीने सुएझ, तेथून मिसरमधून जमिनीवरून पुढे, असा हा प्रवास होता. एकतिसाव्या वर्षी, हाताशी सतरा वर्षांचा अनुभव असताना, ते पुन्हा विद्यार्थी झाले. तेथील गोद्या व यंत्रांचे कारखाने त्यांनी बारकाईने पाहिले. सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेने त्यांना सहसदस्य करून घेतले आणि राणी व्हिक्टोरिया यांचीही त्यांना भेट मिळाली. या वर्षाची त्यांची इंग्रजी रोजनिशी इ.स. १८४० मध्ये प्रसिद्ध झाली.

२७ मे, इ.स. १८४१ रोजी रॉयल सोसायटीने त्यांची निवड केली. त्यांच्या शिफारसपत्रात नौका-रचनेचे ज्ञान, ‘इंडस’ची बांधणी व गॅसचे दिवे यांची नोंद आहे. त्यानंतर हा मान भारतीयास मिळण्यास ७७ वर्षे लागली, इ.स. १९१८ मध्ये श्रीनिवास रामानुजन फेलो झाले.

मुख्य अभियंता

१ एप्रिल, इ.स. १८४१ पासून मुंबईच्या बाष्पयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता व यंत्रतपासनीस म्हणून त्यांनी काम पाहिले. युरोपीय अभियंते व कारागीर एका भारतीयाच्या हाताखाली येणार, ही गोष्ट तेव्हा सहज पचण्याजोगी नव्हती. एतद्देशीय माणूस अशा जागेस योग्य नाही, असा सूर ‘बॉम्बे टाइम्स’ने लावला. ज्याची विद्वत्ता लंडनमधील अभियंत्यांनी मान्य केली, त्याची योग्यता मुंबईतील इंग्रजांना मात्र पटत नव्हती, हा विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे. अर्देशीर सोळा वर्षे त्या पदावर राहिले.

इ.स. १८४९ मध्ये त्यांनी अमेरिकेला भेट दिली व लाकूडकामाची यंत्रे आणली. फेब्रुवारी, इ.स. १८५१ मध्ये त्यांची ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात उतरली. तिचे सर्व भाग त्यांनी आपल्या घरच्या ओतशाळेत तयार केले होते. ‘ह्यू लिंडसे’च्या वेळी जी यंत्रे परदेशातून मागवावी लागली, ती आता मुंबईत घडू शकत होती. शिवणयंत्र, छायाचित्रण व विद्युत-विलेपन या गोष्टी मुंबईत आणण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते.

उत्तरायुष्य

१ ऑगस्ट, इ.स. १८५७ रोजी ते निवृत्त झाले. इ.स. १८६१ मध्ये त्यांनी सिंधमधील कोटरी येथे सिंधू नदीवरील आगबोट कंपनीच्या कारखान्याचे अधीक्षक अभियंतेपद स्वीकारले व इ.स. १८६३ मध्ये ते सोडले. त्यानंतर ते लंडनजवळील रिचमंड येथे राहिले. तेथेच त्यांचे निधन झाले.

भारतीय टपाल खात्याने २७ मे, इ.स. १९६९ रोजी त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.