शिकारी राजा आणि राखलेले रान

राजर्षी शाहू छत्रपतींचे चरित्र आपल्याकडे शाळेच्या इयत्तांपासून शिकविले जाते. वेदोक्ताचा वाद, 1902 सालची राखीव जागांची आज्ञा, विद्यार्थ्यांची वसतिगृहे, 1917 सालचा सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा या पायऱ्या शिक्षकांना तोंडपाठ आहेत. मंडणगड तालुक्यात या नावाविषयी आणखी एक जिव्हाळा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातले, आणि 1920 च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत तरुण आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे गौरविणारे शाहू महाराज होते. त्या परिषदेला महाराज आले ते शिकारीचा मुक्काम सोडून मुद्दाम आले होते. चरित्रकार हा तपशील एका ओळीत सांगतात आणि परिषदेकडे वळतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु ती शिकार होती कशी, कोणती जनावरे तीत होती आणि त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आज कोकणातल्या प्रत्येक गावात बिबट्याची चर्चा चालू असताना बाजूला ठेवण्यासारखा राहिलेला नाही.

26 जून 1874 रोजी जन्मलेले यशवंतराव हे कागलच्या जहागीरदार घाटगे घराण्यातले. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. शिक्षणासाठी त्यांना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात ठेवण्यात आले. काठेवाडच्या त्या मुक्कामात भावनगरच्या भावसिंहजींशी त्यांची मैत्री जमली, ती जन्मभर टिकली. ही मैत्री येथे नोंदवावयाची ती एवढ्यासाठी, की चित्त्याकरवी काळवीट धरण्याचा षोक हिंदुस्थानात शेवटपर्यंत ज्या मोजक्या संस्थानांनी जोपासला, त्यांत भावनगर आणि कोल्हापूर ही दोन ठळक नावे होत. धारवाडचा अभ्यासक्रम आटोपून 1894 च्या एप्रिलमध्ये महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. देह धिप्पाड, कुस्तीची आवड दांडगी, घोडे, हत्ती आणि कुत्री यांचा सहवास अखंड. दरबारी शिष्टाचारापेक्षा माळावरची धावपळ त्यांना अधिक मानवे.

चित्त्याची शिकार हा बंदुकीचा खेळ नव्हे. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीतून माळावर नेत. काळविटांचा कळप बैलगाडीला बुजत नसे. नेमके अंतर साधले की टोपी काढीत, आणि चित्ता झेपावे. काही शे यार्डांत नर काळवीट हाती लागले तर लागले, नाहीतर दम संपलेला चित्ता तेथेच थांबे व मुकाट्याने परत गाडीत बसे. शिकार साधली की चित्तेवान त्याला पळीभर रक्त पाजून सावजापासून अलग करी. मांजरकुळातल्या या सर्वांत वेगवान जनावराला माणसाच्या इतके आज्ञेत राहावयास शिकविणे हे महिनोन्‌महिने चालणारे काम होते. त्याला गर्दीत बसवावे लागे, रात्री त्याच्याजवळ जागावे लागे. कोल्हापुरात यासाठी खास चित्तेखाना होता आणि चित्तेपारधी म्हणून ओळखली जाणारी माणसे पिढीजात हे काम करीत.

या विद्येत एक जीवघेणी उणीव होती. चित्ता बंदिवासात प्रजनन करीत नसे. जहांगीर बादशहाच्या काळची एका वेताची नोंद सोडली तर शतकानुशतके राजेरजवाड्यांच्या चित्तेखान्यांत पिल्ले झाल्याचे आढळत नाही. शिवाय शिकार उत्तम करणारा चित्ता हवा, तर तो आईजवळ शिकार शिकलेला, रानातला, वाढलेलाच धरावा लागे. ज्या झाडाला चित्ते नित्य येऊन नख्या घासत, त्याच्याभोवती तातीचे फास लावीत. म्हणजे दरबारातला प्रत्येक चित्ता हा माळावरून कायमचा वजा झालेला चित्ता होता. वजाबाकी कित्येक शतके चालली, आणि त्याच वेळी माळ नांगराखाली जात होते. विसाव्या शतकात देशी चित्ता मिळेनासा झाला, तेव्हा संस्थानिकांनी तो आफ्रिकेतून मागविला. कोल्हापूरही त्यांत होते. राजाच्या पदरी चित्ता दिसे, त्यामुळे रानातला चित्ता संपत आला आहे हे कोणाच्या मनावर ठसले नाही.

महाराजांच्या शिकारीत एक गोष्ट मात्र इतर संस्थानिकांहून निराळी होती, ती म्हणजे बरोबरची माणसे. रानाची खरी जाण असलेले फासेपारधी हे इंग्रजी कायद्याच्या लेखी जन्मतःच गुन्हेगार होते. 1871 च्या कायद्याने अशा जमातींवर कायमचा संशय बसविला होता. शाहू महाराजांनी त्यांना हुडकून चाकरीत घेतले, राहावयास जागा दिली आणि चक्क पहाऱ्यावर नेमले. 1918 मध्ये महार, मांग, रामोशी, बेरड यांच्या मागची हजेरीची पद्धतही त्यांनी आपल्या संस्थानात बंद केली. शिकारीच्या छंदातून माणसांची ओळख झाली आणि त्या ओळखीतून सुधारणा झाली, असे म्हणणे फारसे चुकीचे ठरू नये. स्वातंत्र्यानंतर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी केली, ती आवश्यकच होती. पण पारध्याची विद्या त्या दिवशी गुन्हा ठरली आणि तिच्या बदल्यात रानाच्या राखणीत त्याला हक्काची जागा देण्याचे काम मात्र शाहू महाराजांनी केले त्या तडफेने पुढे झाले नाही.

याच 1918 सालाने महाराजांना शिकारीची जबर किंमत मोजावयास लावली. त्यांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी रानडुकराच्या मागे घोडा फेकीत असता अपघात होऊन गेले. मुलगा ऐन तारुण्यात होता. या आघातातून महाराज पुरते सावरले नाहीत असे त्यांच्या निकटवर्तीयांना वाटे. पुढे चारच वर्षांनी, 6 मे 1922 रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता दुसरे रान पाहू. कोल्हापूरच्या नैर्ऋत्येला सह्याद्रीच्या माथ्यावर दाजीपूरचे दाट जंगल आहे. हे छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेले रान. राखलेले, म्हणजे इतरांच्या बंदुकीला आणि कुऱ्हाडीला तेथे मज्जाव. याच डोंगररांगेच्या कुशीत भोगावती नदीवर महाराजांनी धरणाचे काम हाती घेतले, राधानगरी वसविली. पैशाअभावी धरण त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, ते स्वातंत्र्यानंतर 1950 च्या दशकात झाले. धरणाला पाणी पुरविणारे डोंगर आणि शिकारीसाठी राखलेले डोंगर एकच होते, हा योगायोग त्या रानाला तारक ठरला. 1958 मध्ये दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य झाले, पुढे राधानगरी अभयारण्य म्हणून त्याचा विस्तार 351 चौरस किलोमीटरपर्यंत गेला आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याची गणना झाली. गवा तेथे आहे, सांबर आहे, भेकर आहे, म्हणून बिबट्या आणि कोळसुंदाही आहे. भक्ष्य टिकले तर भक्षक टिकतो, हे राखणाऱ्याच्या मनात असो वा नसो, घडले तसेच.

माळाचे तसे झाले नाही. एकाच राजाच्या एकाच छंदाची ही दोन क्षेत्रे. डोंगरावरचे झाडोऱ्याचे रान राखण्याजोगे वाटले, माळावरचे गवत मात्र पडीक जमीन ठरले. हा दोष एकट्या कोल्हापूरचा नाही. इंग्रजी महसूलखात्याची दृष्टीच तशी होती आणि ती आपल्या कचेऱ्यांतून अजून गेलेली नाही. 1947 मध्ये कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्री तीन चित्ते मारले, ते देशातले अखेरचे खात्रीचे चित्ते मानले जातात. 1952 मध्ये चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोत आणले गेले, तेव्हा त्यांच्यासाठी मोकळे माळ शोधता शोधता तज्ज्ञांची दमछाक झाली होती. महाराष्ट्रात काळवीट आज रेहेकुरी, नान्नज अशा तुकड्यांतून उरले आहे, आणि त्याच्या मागावर आहे तो फक्त लांडगा.

मंडणगडला या सगळ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. सावित्रीच्या खाडीपासून दक्षिणेकडे पसरलेल्या या तालुक्यात, किंबहुना सबंध रत्नागिरी जिल्ह्यात, सरकारी जंगल नाममात्र आहे. रान आहे ते मालकीचे. येथे एक राजा नाही, हजारो खातेदार आहेत आणि त्यांतले निम्मेअधिक मुंबईत आहेत. ऐन, किंजळ यांची वाढ झाली की काही वर्षांनी ठेकेदार येतो, रान उभेच्या उभे तुटते, लाकूड जळणाला किंवा कोळशाच्या भट्टीला जाते. भेकराचा आडोसा गेला, ससा पांगला. बिबट्या मग वाडीतल्या कुत्र्यावर आणि गोठ्यातल्या पाडसावर येतो, रात्री कठडा नसलेल्या विहिरीत पडतो. रानडुकरे आणि माकडे मात्र वाढलेली, कारण पडीक शेतांत त्यांना आयता निवारा मिळाला. शेतकऱ्याची तक्रार खरी आहे, आणि तिला बिबट्या मारणे हे उत्तर नाही. डुकराची पिल्ले खाणारे जनावर तेवढे एकच तेथे उरले आहे.

याच तालुक्यातल्या वेळासने निराळी वाट काढलेली आहे. सागरी कासवांची अंडी तेथे कोल्हे व कुत्री उकरीत आणि माणसेही नेत. 2002 पासून सह्याद्री निसर्गमित्र या चिपळूणच्या संस्थेच्या साहाय्याने ग्रामस्थांनी ती अंडी किनाऱ्यावरच कुंपणात हलवून सांभाळावयास आरंभ केला. कोल्हा मारावा लागला नाही. पिल्ले समुद्रात सोडण्याच्या हंगामात पाहुणे येतात, घराघरांत राहतात आणि गावाला चार पैसे मिळतात. दाजीपूर एका माणसाच्या हुकमाने राखले गेले. वेळासला तो अधिकार गावाने स्वतःकडे घेतला आणि मोबदलाही गावाला मिळाला. मालकीचे रान दहा वर्षे न तोडता ठेवणाऱ्या खातेदाराला काय द्यावयाचे, ठेकेदाराच्या रकमेशी त्याची तुलना कशी करावयाची आणि बिबट्याने गाय मारली तर भरपाई किती दिवसांत हातात पडावयाची, हे तीन आकडे मंडणगडच्या ग्रामसभांनी वनखात्याकडे मागितले पाहिजेत.