साखरेच्या वाटेने कर्करोगाचा माग : ऑटो वॉरबर्ग

पेट स्कॅनसाठी आलेल्या रुग्णाला काही तास उपाशी राहावे लागते. त्याच्या रक्तातील साखर तपासतात, शिरेतून किंचित किरणोत्सारी साखर टोचतात आणि तासभर त्याला स्वस्थ पडून राहावयास सांगतात. कर्करोगाच्या तपासणीत साखरेला एवढा मान कशासाठी, याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या बर्लिनमध्ये सापडते. तेथे ऑटो वॉरबर्ग हे जीवरसायनशास्त्रज्ञ पेशींच्या श्वसनाचा अभ्यास करीत होते.

वॉरबर्ग यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८८३ रोजी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे झाला. वडील एमिल हे नामांकित भौतिकशास्त्रज्ञ. ऑटो यांनी १९०६ मध्ये रसायनशास्त्रात आणि १९११ मध्ये वैद्यकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पहिल्या महायुद्धात ते घोडदळात लढले व जखमी झाले. अखेर १९१८ मध्ये, वडिलांचे स्नेही आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी पत्र लिहून त्यांना प्रयोगशाळेत परतण्याची गळ घातली.

१९२३ पासून त्यांनी उंदरांच्या गाठींचे अतिशय पातळ काप बंद भांड्यात ठेवून, वायूच्या दाबातील सूक्ष्म बदल मोजण्यास आरंभ केला. निरोगी पेशी प्राणवायू मिळताच साखरेचे पूर्ण ज्वलन करतात. कर्कपेशी मात्र प्राणवायू मुबलक असतानाही साखर आंबवून तिचे लॅक्टिक आम्ल बनवीत होत्या. या रीतीत ऊर्जा थोडीच मिळते, साखर मात्र फार लागते. कर्कपेशींची ही हाव आज ‘वॉरबर्ग परिणाम’ या नावाने ओळखली जाते. पेशीश्वसनातील विकराविषयीच्या संशोधनासाठी त्यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे नाझी राजवट आली. वॉरबर्ग यांचे पितृकुल ज्यूवंशीय होते. त्यांच्या प्रयोगशाळेत घडलेले हान्स क्रेब्स १९३३ मध्ये इंग्लंडला निघून गेले. वॉरबर्ग आपली संस्था सोडण्यास तयार झाले नाहीत. १९४१ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले, पण काही आठवड्यांतच कर्करोग संशोधनासाठी पुन्हा मुभा मिळाली. असंख्य ज्यूंना देशोधडीला लावणाऱ्या राजवटीत आपले काम चालू ठेवण्याचा हा निर्णय त्यांच्या चरित्रातील अवघड प्रश्न म्हणून उरला आहे.

स्वभावाने ते हट्टी होते. श्वसनक्रियेतील बिघाड हेच कर्करोगाचे मूळ कारण, हे मत त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही; १९६६ मध्ये लिंडाऊ येथे नोबेल विजेत्यांच्या मेळाव्यातही त्यांनी तेच ठासून मांडले. नंतरच्या संशोधनाने जनुकीय बदलांकडे बोट दाखवले. अनेक कर्कपेशींची श्वसनयंत्रणा शाबूत असते, हेही दिसून आले. १ ऑगस्ट १९७० रोजी बर्लिनमध्ये वॉरबर्ग यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा सिद्धान्त बराचसा अडगळीत पडला होता. त्यांची मापने मात्र अचूक होती.

सहा वर्षांनी, १९७६ मध्ये, अमेरिकेत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर प्रथमच माणसाच्या शरीरात सोडण्यात आली. पेशी ही साखर आत घेतात, पण तिचे पुढे पचन होत नाही. ती तेथेच साठते. अधाशी गाठीत ती अधिक साठते आणि तेथून निघणाऱ्या किरणांवरून पेट स्कॅनमध्ये गाठ उजळून दिसते.

पेट चित्र गाठीची भूक दाखवते, तर एमआरआय मऊ ऊतींची रचना बारकाईने उलगडते. दोन्ही एकत्र आणण्यात मोठी अडचण चुंबकाची होती. पेट यंत्रातील जुन्या प्रकाशग्राही नळ्या तीव्र चुंबकीय क्षेत्रात चालत नसत. त्यांच्या जागी अर्धवाहक शोधक आले आणि २०११ च्या सुमारास दोन्ही चित्रे एकाच वेळी टिपणारी संपूर्ण शरीराची यंत्रे रुग्णसेवेत आली. यात सीटी स्कॅनचे प्रारण टळते. वारंवार तपासणी लागणाऱ्या बालरुग्णांना याचा विशेष लाभ होतो.

आता प्रयत्न आहे तो वेळ वाचवण्याचा. एमआरआयच्या अनेक प्रकारच्या चित्रमालिका घेत बसल्यास तपासणी लांबते, वेदनेने बेजार रुग्ण हलतो, चित्र धूसर होते आणि ताटकळणाऱ्यांची रांग वाढते. म्हणून पेटचे मोजमाप चालू असतानाच त्या रोगासाठी आवश्यक तेवढ्याच मालिका उरकायच्या आणि अपुऱ्या नोंदींतून गणिताच्या व संगणकाच्या साहाय्याने पूर्ण चित्र उभे करायचे, अशी दिशा संशोधकांनी धरली आहे. यंत्र कितीही वेगवान झाले, तरी पेट चित्रातील तो उजळ ठिपका सहसा साखरेच्या त्याच हावेची खूण असतो, जी वॉरबर्ग यांनी काचेच्या भांड्यात मोजली होती.