अचला वाईट होती की कायदा अपुरा? विभावरी शिरूरकरांच्या नायिकेची गोष्ट

चाकणहून शिक्रापूरमार्गे नगर रोडला लागलं की रांजणगाव एमआयडीसीच्या पुढे घोडनदीकाठचं शिरूर येतं. १८ मार्च १९०५ रोजी इथं बाळूताई खरे यांचा जन्म झाला. वडील शिक्षक आणि पुरोगामी विचारांचे. बाळूताई महर्षी कर्वे यांच्या संस्थांमध्ये शिकल्या आणि पुढे शिक्षिका झाल्या.

१९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. लेखिका : विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, कमावत्या, पण लग्न अडलेल्या मुलींच्या मनातल्या इच्छा यात उघडपणे मांडल्या होत्या. गदारोळ झाला. ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. टोपणनावात गावाची खूण होती, पण बाळूताईंचं नाव लपलेलं होतं. अविवाहित शिक्षिकेला ते उघड करणं परवडणारं नव्हतं.

पुढच्याच वर्षी 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. नवऱ्यापासून दुरावलेली अचला विरागवर प्रेम करते आणि लग्नाशिवाय त्याच्यासोबत राहते. अनेक वाचकांना ही नायिका अनैतिक वाटली.

पण अचलापुढे दुसरा रस्ता कोणता होता?

तेव्हा मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदाच नव्हता. काही जातींमध्ये काडीमोडीची रूढी होती, पांढरपेशा घरांत तीही नव्हती. नवऱ्याने टाकलं तरी बाई कायद्याने त्याचीच बायको. इलाख्यात हा कायदा १९४७ मध्ये आला, देशभर १९५५ मध्ये. तोवर कादंबरीला २१ वर्षं झाली होती.

बाळूताई १९३६ मध्ये सोलापूरला गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत नोकरीला गेल्या. तो अनुभव 'बळी' (१९५०) या कादंबरीत उतरला. १९३८ मध्ये विश्राम बेडेकरांशी लग्न करून त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. ७ मे २००१ रोजी वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्यानंतर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण दिलं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं. आज 'हिंदोळ्यावर' वाचताना अचला चुकली का, याआधी मनात येतं, की तिला सन्मानाने वेगळं का होता आलं नाही?