दादासाहेब फाळके : ख्रिस्तचरित्राच्या मूकपटातून उगवलेली कला

शहागंज, छत्रपती संभाजीनगर : भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे नाव सर्वश्रुत आहे. त्यांच्या कार्याची प्रेरणा प्रभू येशूच्या जीवनावरील एका मूकपटात होती, हे मात्र आपल्या धर्मप्रांतातील थोड्याच बंधुभगिनींना ठाऊक असावे. म्हणून हा अल्प परिचय.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका संस्कृत पंडिताच्या घरी झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा व बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण घेऊन त्यांनी छायाचित्रण, जादूचे प्रयोग, मुद्रण असे नाना उद्योग केले. भागीदारांशी न पटल्याने छापखानाही सुटला. अशा रिकाम्या दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, त्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू दिसत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ व अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला नाही, ही गोष्ट काहींना खटकते. आम्हांस ती खटकत नाही. श्रद्धेने दाखविलेले एक चरित्र पाहून परक्याला आपल्याच घरातील देव्हारा आठवावा, यात प्रभूचे काही उणे झाले असे आम्ही मानीत नाही.

पुढचा मार्ग खडतर होता. सतत चित्रपट पाहून डोळे अधू झाले. उपचारांनी दृष्टी परतली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली त्यांनी लंडन गाठले व कॅमेरा आणला. कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून त्यांनी धनिकाचा विश्वास संपादन केला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला छिद्रे पाडली, शिवाय सर्व मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. चरित्रकार या माउलीला एखाद्या ओळीत आटोपतात, हे न्याय्य नव्हे. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहातील साळुंके नावाच्या आचाऱ्याला साडी नेसविण्यात आली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला.

त्यांचा कॅमेरा बहुधा स्थिर व पात्रांच्या समोर असे. रविवर्म्याच्या छापील तसबिरींच्या कामातून आलेली ही दृष्टी. प्रेक्षक जणू गाभाऱ्यासमोर उभा राही. त्या शांत चौकटीत मग जादूगार जागा होई : देव अकस्मात प्रकट होत, हनुमान आकाशात उडे. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये राम व सीता दोन्ही साळुंकेच होते, तरीही पडद्यावर राम येताच लोक हात जोडीत, अशी आठवण नोंदलेली आहे.

१९१८ साली नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, पण भागीदारांशी पुन्हा बिनसले. बोलपटाच्या युगात ही कला मागे पडली. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, बहुतांशी विस्मृतीत, त्यांचे निधन झाले. त्यांच्या बहुतेक चित्रफिती नष्ट झाल्या आहेत. ‘कालिया मर्दन’ (१९१९) चा मोठा भाग मात्र आजही पाहावयास मिळतो. त्यातील बाळकृष्ण म्हणजे त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी.