अरण्यातून आशेकडे : पंडिता रमाबाईंची श्रद्धायात्रा



मुलचेरा परिसरातील माणसाला अनिश्चितता म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. धानाची रोवणी आटोपली तरी पाऊस साथ देईल याची खात्री नसते. नाल्यांना पूर आला की गावाचा रस्ता बंद होतो. मोहफुले आणि तेंदूपत्ता किती मिळेल हे जंगलाच्या मर्जीवर ठरते. येथील बंगाली वस्त्यांतील कुटुंबांच्या मागच्या पिढीने तर फाळणीनंतर पूर्व बंगालमधील घरदार गमावून या अरण्यात नव्याने संसार मांडला. उद्याचा भरवसा नसताना परमेश्वरावर भरवसा कसा ठेवायचा, हा प्रश्न म्हणूनच येथे पुस्तकी नाही. याच प्रश्नातून होरपळून निघालेल्या एका थोर मराठी स्त्रीचे, पंडिता रमाबाईंचे, चरित्र या निमित्ताने आठवावेसे वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये अशी रूढी असताना त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना ती भाषा शिकवली आणि पुढे लक्ष्मीबाईंनी ती रमेला शिकवली. रमा सहा महिन्यांची असतानाच कुटुंबाने आश्रम सोडला. तेव्हापासून तीर्थयात्रा आणि पुराणकथन हेच त्यांचे जीवन झाले.

१८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे धन दानधर्मात आणि यात्रांत संपले होते, मोलमजुरीची सवय नव्हती आणि भीक मागणे मनाला पटत नव्हते. तिरुपतीजवळच्या जंगलात या कुटुंबाने अकरा दिवस झाडपाला आणि पाणी यांवर काढले. त्यानंतर वृद्ध अनंतशास्त्रींचा अंत झाला. थोड्याच काळात आई गेली, मग थोरली बहीणही गेली. रमाबाईंचे वय तेव्हा अवघे सोळा होते. त्यानंतर भाऊ श्रीनिवास आणि त्या सुमारे ४००० मैल पायी हिंडल्या. पंजाबात थंडीपासून बचाव व्हावा म्हणून झेलमच्या काठी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून बहीणभावांनी रात्र काढली. व्रते आणि उपासतापास निष्ठेने पाळूनही आपली हाक कोणी ऐकत नाही, या जाणिवेने त्यांचे अंतःकरण रिते झाले होते.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. रमाबाईंची विद्वत्ता पाहून तेथील पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु सन्मानामुळे दुःख टळले नाही. १८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी आंतरजातीय विवाह केला. आसामातील सिल्चर येथे पतीच्या पुस्तकांमध्ये त्यांना बंगाली भाषेतील संत लूकचे शुभवर्तमान सापडले. प्रभू येशूची ओळख त्यांना अशी बंगालीतूनही झाली. पुढे कन्या मनोरमेचा जन्म झाला; पण फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. चोविसाव्या वर्षाच्या आत आईवडील, बहीण, भाऊ आणि पती या सर्वांना त्या अंतरल्या.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. वैद्यकीय शिक्षणासाठी १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींनी त्यांना आश्रय दिला होता. या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची मायेने सेवा करतात, हे त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांकडे कोणी दयेने पाहू शकते, याचेच त्यांना नवल वाटले. कारण विचारल्यावर त्यांना प्रभू येशू आणि शमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा ऐकायला मिळाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी आणि मनोरमेने स्नानसंस्कार घेतला.

येथे त्यांची यात्रा संपली असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. त्रैक्याचे रहस्य, ख्रिस्तसभेचा अधिकार, पंथापंथांतील मतभेद यांविषयी त्यांनी आपल्या धर्ममातेला पत्रांतून निर्भीडपणे प्रश्न विचारले. आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताची प्रत्यक्ष भेट अजून व्हायची आहे, हे त्यांना कित्येक वर्षांनी उमगले आणि १८९१ च्या सुमारास ती शांती त्यांना लाभली. त्या कॅथलिक नव्हत्या. परंतु श्रद्धेतील त्यांचा हा प्रामाणिकपणा आपल्यालाही शिकवून जातो. मनात प्रश्न उठतात म्हणून आपली श्रद्धा खोटी, असे समजून खचून जाणाऱ्यांनी या आठ वर्षांचे स्मरण ठेवावे.

अमेरिकेतील मित्रांच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढे ते पुण्यास नेले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादामुळे सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. उभारलेले काम डोळ्यांदेखत मोडू पाहत होते. तरी रमाबाईंनी ते सोडले नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे तेव्हा चांदा जिल्हा म्हणून याच प्रांतात मोडत होते. वार्ता ऐकताच रमाबाईंना स्वतःचे ते अकरा दिवस आठवले. हाती पुरेसा पैसा नसताना त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवा यांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांना शहरात ठेवणे कठीण होते. म्हणून केडगावच्या माळरानावर निवारा उभा राहिला. तेच पुढे मुक्ती सदन झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. शेती, विणकाम, छापखाना, अंध स्त्रियांसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण असे उद्योग सुरू झाले. उद्याच्या धान्याची सोय नसतानाही दाराशी आलेल्या मुलीला घरात घेतले जाई.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा त्यांच्याआधी गेल्या. एकुलत्या एका लेकीच्या वियोगानंतरही वृद्ध मातेने काम चालूच ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभुचरणी विसावल्या.

श्रद्धेमुळे रमाबाईंच्या जीवनातील संकटे थांबली नाहीत. निंदा, आर्थिक ओढाताण आणि लेकीचा मृत्यू हे सारे स्नानसंस्कारानंतरचेच. मात्र भुकेच्या ज्या आठवणीने त्या कडवट झाल्या असत्या, तिच्याच बळावर त्यांनी इतरांसाठी चूल पेटवली. ख्रिस्ती आशा ही अशी कृतीत उतरते. आपल्यालाही उद्याचे चित्र स्पष्ट दिसत नसेल. परंतु पिक बुडालेल्या शेजाऱ्याच्या घरी पायलीभर तांदूळ पोहोचवणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, एखाद्या पोरक्या मुलीची शाळा सुटू न देणे आज आपल्या हाती आहे. प्रार्थनेसोबत एवढे एक पाऊल टाकू या. प्रभू येशू आपणा सर्वांना त्यासाठी बळ देवो.