बाबासाहेबांची इंग्रजी कोठून आली?

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. घटनेचे शिल्पकार, अर्थशास्त्रज्ञ, धम्मचक्र फिरविणारे महामानव, अशी त्यांची सगळी रूपे आपल्या लेकरांनाही तोंडपाठ आहेत. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही त्यांच्या जीवनातली एकच गोष्ट सांगणार आहोत. ती म्हणजे त्यांची इंग्रजी.

हीच गोष्ट का? कारण आज पातुरातल्या घराघरात इंग्रजीचा घोर आहे. कोणी ऐपत नसताना लेकराला कॉन्व्हेंटात घालतो. कोणाची पोरगी मराठी शाळेतून चांगल्या मार्कांनी दहावी होते आणि अकोल्याच्या कॉलेजात इंग्रजी ऐकून मागच्या बाकावर गुपचूप बसते. बाबासाहेबांचे नाव काढले की आपण म्हणतो, ते महापुरुष होते बाप्पा, आपल्याले कुठं जमते! हात जोडले की आपली सुटका झाली. म्हणूनच ती इंग्रजी कशी घडली हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. घराणे कोकणातले, घरची भाषा मराठी. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातल्या शाळेत शिक्षक होते. इंग्रजीची गोडी या बापाला होती. पेन्शनीत निघाल्यावर आधी दापोली आणि मग सातारा असे बिऱ्हाड फिरले. साताऱ्याच्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमरावांचे नाव इंग्रजी पहिलीत घातले गेले. बसायला घरून नेलेले गोणपाट, तेही इतरांपासून दूर. पाण्याच्या भांड्याला हात लावायची मुभा नाही. अशा वर्गात भाषा किती कानावर पडणार आणि चुकत-माकत बोलायची संधी किती मिळणार?

खरी शाळा घरात होती. रामजीबाबांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी वाचनपुस्तके पाठ करून घेतली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवून घेतली. मराठी वाक्य इंग्रजीत न्यायचे, इंग्रजी वाक्य मराठीत आणायचे. नेमका शब्द सापडेपर्यंत बाप सोडत नसे. त्या काळी महाराष्ट्रातली कितीतरी मुले याच पाठमालेवर इंग्रजी शिकली. म्हणजे बाबासाहेबांच्या हातात काही वेगळे, गुप्त पुस्तक नव्हते. मराठी ही त्यांची अडचण नव्हती, तिच्याच खांद्यावर उभे राहून ते इंग्रजीपर्यंत पोचले.

1904 च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एकच खोली. तीत संसार, सरपण, जाते आणि बकरीसुद्धा. भीमराव लवकर झोपत, बाप रात्री दोनपर्यंत जागा राही आणि मग पोराला उठवी. मिणमिणत्या दिव्याखाली पहाटेपर्यंत वाचन चाले. पुस्तकांचा नाद इतका, की पैसा नसला तर रामजीबाबा लग्न झालेल्या मुलींकडे जात, उसने मागत, त्यांचा दागिना गहाण टाकून पुस्तक आणत आणि पेन्शन झाली की तो सोडवून देत. त्या बहिणींची नावे मंजुळा आणि तुळसा. बाबासाहेबांच्या विद्येत या माउल्यांच्या अंगावरचे सोनेही आहे, हे आपल्या आयाबहिणींनी लक्षात ठेवावे.

1907 साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. गुण मिळाले 750 पैकी 282. आज एवढे मार्क घेऊन पोरगा घरी आला तर आपण त्याला काय बोलू, याचा ज्याने त्याने विचार करावा! चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरले होते. ते पुस्तके देत राहिले. मॅट्रिकच्या सत्कारात त्यांनी स्वतः मराठीत लिहिलेले भगवान बुद्धाचे चरित्र भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बी.ए. झाले. फेब्रुवारी 1913 मध्ये बाप गेला. त्याच वर्षी मुलगा अमेरिकेला निघाला.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी दिवसचे दिवस ग्रंथालयात काढले. 9 मे 1916 रोजी भारतातील जातींवरचा निबंध त्यांनी तिथल्या अभ्यासकांपुढे वाचला. इंग्रजी पहिलीत बसल्याला तोवर साडेपंधरा वर्षे झाली होती. तरीही मेहनत संपली नाही. लंडनला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी परत पाठवला. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहिला, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. 1923 मध्ये डी.एस्सी. पदरात पडली.

आता या इंग्रजीचे त्यांनी केले काय? 27 जानेवारी 1919 रोजी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांची बाजू मांडली. 1930 साली लंडनच्या गोलमेज परिषदेत इंग्रज सरकारला त्याच्याच भाषेत जाब विचारला. 1936 मध्ये लाहोरच्या मंडळाने जातिनिर्मूलनावरचे भाषण होऊ दिले नाही, तर ते स्वतःच्या खर्चाने छापून देशभर पोचवले. नोव्हेंबर 1948 ते नोव्हेंबर 1949 या काळात घटना समितीत कलमामागून कलम समजावून दिले. कायद्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर गरिबाचा हक्क जातो. नेमका शब्द शोधायची ती घरची सवय इथे कामी आली.

पण आपल्या माणसांशी बोलताना ते मराठीवर येत. 1920 साली मूकनायक काढला, 1927 साली बहिष्कृत भारत, दोन्ही मराठीत. महाडला ते मराठीत बोलले. आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी 13 नोव्हेंबर 1927 रोजी परिषद भरली, तिचे ते अध्यक्ष होते. त्याच वेळी त्यांना थोरले बंधू बळीरामदादा वारल्याची बातमी मिळाली. 1956 साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा त्यांनी मराठीतून दिल्या. घटना इंग्रजीत आणि प्रतिज्ञा मायबोलीत, असा त्यांचा हिशेब होता. इंग्रजी आली म्हणून त्यांनी मराठीची लाज धरली नाही.

शेवटचा ग्रंथ त्यांनी इंग्रजीत लिहिला, म्हणजे तो जगभर जावा. 6 डिसेंबर 1956 रोजी महापरिनिर्वाण झाले आणि 1957 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठी भाषांतर आले 1970 साली. दीक्षा घेतलेल्या आपल्या आजा-आजींना आपल्याच बाबांचा ग्रंथ आपल्या भाषेत ऐकायला तेरा वर्षे वाट पाहावी लागली. आज वर्षावासात विहारात जो ग्रंथ वाचतो, तो दोन्ही भाषा येणाऱ्या माणसांनी आपल्यापर्यंत आणून पोचवलेला आहे.

म्हणून आम्हाला वाटते, इंग्रजी शाळेच्या फीवर विकत मिळते हा समज सोडावा आणि आपल्याले जमत नाही हेही सोडावे. शासनाने 1979 पासून बाबासाहेबांचे इंग्रजी लेखन व भाषणे खंडांत प्रसिद्ध केली आहेत. आपल्या पोरा-पोरींनी रोज त्यातला एक परिच्छेद मराठीत आणावा, दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा इंग्रजीत न्यावा आणि मग मुळाशी ताडून पाहावा. चुकले तर हसू नये. मायबापाला इंग्रजी येत नसेल तर नसो, शेजारी बसून जागे राहता तर येते! रामजीबाबांनी दुसरे काय केले?

जयभीम! नमो बुद्धाय!