उदगीरला निजामाची कोंडी करणारे सदाशिवराव भाऊ वर्षभरात पानिपतावर अन्नाला महाग झाले, ते कसे?

फौजी रेशनचं पाकीट फोडून त्यातलं चाखून दाखवणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. सैन्यात नसलेली माणसं कुठून तरी ते खोकं मिळवतात, आतला पुलाव गरम करतात, चॉकलेट तोडतात आणि जवान हे खाऊन लढतो म्हणून कौतुक करतात. आपल्या लष्कराच्या अशा तयार जेवणामागे म्हैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा आहे. ती सुरू झाली १९६१ साली. पानिपतच्या तिसऱ्या लढाईला त्याच वर्षी २०० वर्षं पूर्ण झाली होती.

त्या पानिपतावर हजारो बिगरलष्करी माणसांनी लष्कराचं अन्न खाल्लं. आधी हौसेनं, मग नाईलाजानं, आणि शेवटी ते उरलंच नाही. या सगळ्यांना पोसायची जबाबदारी ज्या माणसावर होती, त्यानं वर्षभरापूर्वीच लातूर जिल्ह्यात आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय मिळवला होता. सदाशिवराव भाऊ.

भाऊ म्हणजे चिमाजी आप्पांचे चिरंजीव, थोरल्या बाजीरावांचे पुतणे. जन्म ऑगस्ट १७३० चा. आई रखमाबाई बाळंतपणानंतर महिन्याभरातच गेल्या. दहा वर्षांचे होत होते तोवर, १७४० च्या डिसेंबरात, वडीलही गेले. आजी राधाबाईंनी सांभाळलं, रामचंद्रबाबा शेणवींनी कारभाराचं शिक्षण दिलं. सोळा-सतरा वर्षांच्या वयात कर्नाटकाच्या स्वारीवर गेले आणि तिथून यश घेऊन आले.

पण लढवय्या म्हणून नाव होण्याआधी भाऊ ओळखले जायचे ते हिशोबासाठी. १७५० च्या सुमारास त्यांना नानासाहेब पेशव्यांचा कारभार हवा होता, पण त्या जागेवर महादोबा पुरंदरे होते. कोल्हापूरच्या छत्रपतींनी भाऊंपुढे आपल्याकडची पेशवाई ठेवली. घर फुटायची वेळ आली तेव्हा पुरंदऱ्यांनीच समजूतदारपणा दाखवून बाजूला होणं पत्करलं. पुढची दहा वर्षं पेशव्यांच्या दौलतीचा जमाखर्च भाऊंच्या नजरेखालून जायचा. कोणत्या सरदाराकडे किती बाकी आहे हे त्यांना ठाऊक असे आणि ते मागायलाही ते कचरत नसत. सरदार त्यांच्यावर फारसे खूश नसायचे, त्याचं एक कारण हेही आहे.

आता १७६० च्या फेब्रुवारीत येऊ.

निजाम सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली उदगीरच्या बाजूला होते. त्यांना धारूर गाठायचं होतं, कारण तिथं त्यांची आणखी फौज होती. उदगीर ते धारूर आज गाडीनं काही तासांचा रस्ता आहे. भाऊंनी तेवढाही रस्ता त्यांना काटू दिला नाही. मराठा घोडदळानं चारी बाजूंनी वेढून निजामाची चाल गोगलगायीसारखी केली आणि इब्राहिमखान गारद्याच्या तोफा वरून आग ओकत राहिल्या. हा इब्राहिमखान आधी निजामाच्याच चाकरीत होता. ३ फेब्रुवारी १७६० ला औशाच्या परिसरात निर्णायक लढाई झाली आणि निजामानं तह मागितला. सुमारे ६० लाखांचा मुलूख, त्यासोबत दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बऱ्हाणपूर अशी मातब्बर ठाणी मराठ्यांना मिळाली.

या विजयात तोफांचं नाव होतं. पण एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. लढाई घरच्या अंगणात झाली होती. फेब्रुवारीत लातूर-नांदेडच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी आणि हरभरा असतो. माणसाला भाकरी, घोड्याला चंदी, बैलाला कडबा, सगळं जागेवर. चंदी म्हणजे घोड्याला रोज द्यायचा दाणा. मराठी घोडदळाचा वेग तलवारीइतकाच या चंदीवर अवलंबून असे.

मराठी फौजेचं रेशन चालायचं कसं, ते थोडं समजून घ्यायला हवं. आजच्यासारखा सरकारी लंगर तेव्हा नव्हता. शिपायानं पगारातून किंवा लुटीतून आपलं आपण खायचं. छावणीसोबत वाण्यांचा बाजार चालायचा, तिथं धान्य विकत मिळे. बाजारात धान्य येई ते बहुतांशी लमाण-वंजारी तांड्यांच्या बैलांवरून. आज नांदेड-लातूरकडे जे बंजारा तांडे दिसतात, त्यांच्या पूर्वजांनी मुघल, निजाम, मराठे आणि पुढे इंग्रज अशा सगळ्यांच्या फौजांना धान्य पुरवलं. शिवाय रोज सकाळी काही टोळ्या आसपासच्या मुलखात चारा, लाकूड, दाणा आणायला बाहेर पडत. त्याला कही म्हणत. बाजार, तांडा आणि कही या तिघांपैकी दोन चालू असले की फौज जगायची.

थोरल्या बाजीरावांबद्दल एक गोष्ट सांगतात. त्यांचं चित्र काढायला पाठवलेल्या चित्रकाराला ते घोड्यावर बसून, हातावर कणसं चोळून दाणे खात जाताना दिसले. गोष्ट खरी असो वा रचलेली, त्या काळच्या मराठी लष्कराचं रेशन तिच्यात आलं आहे. हुरडा खाणारा स्वार कुणाच्या रसदीसाठी थांबत नाही.

भाऊंची फौज मात्र आता तशी राहिली नव्हती. गारद्यांची पायदळ पलटण होती, त्यांना महिन्याच्या महिन्याला रोख पगार लागे. अवजड तोफा होत्या, त्या ओढायला बैल, बैलांना वैरण. उदगीरला हे सगळं पेललं, कारण घर जवळ होतं.

विजयाचा आनंद फार टिकला नाही. १० जानेवारीलाच बुराडी घाटावर अहमदशाह अब्दालीशी लढताना दत्ताजी शिंदे पडले होते, ती बातमी दक्षिणेत पोचली. मार्चमध्ये जालना जिल्ह्यातल्या परतूरला, तेव्हाच्या पडदूरला, खलबत झालं आणि उत्तरेची मोहीम भाऊंकडे आली. नावाला प्रमुख पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव, वय जेमतेम १८. म्हणजे पानिपतची वाट मराठवाड्यातूनच सुरू झाली.

आणि इथंच ती हौशी मंडळी लष्करात शिरली. उत्तरेत जायचं म्हणजे मथुरा, प्रयाग, काशी, कुरुक्षेत्र. एकट्यादुकट्यानं जाणं धोक्याचं, पेशव्यांच्या फौजेसोबत जाणं सुरक्षित. त्यामुळे यात्रेकरू निघाले, सरदारांची कुटुंबं निघाली, नोकरचाकर, व्यापारी, कारागीर निघाले. १८ वर्षांचे नाना फडणवीस आई आणि बायकोला घेऊन निघाले होते. तेही लढणारे नव्हते, लेखणीवाले होते. या सगळ्या न लढणाऱ्यांना मराठीत एकच शब्द आहे, बाजारबुणगे. शब्द कुचेष्टेचा वाटतो, पण त्यात नानांसारखे पुढे राज्य चालवणारेही होते.

लढणारे साधारण ४५ ते ५० हजार, आणि न लढणारे त्याहून जास्त. एकूण दीड लाख माणूस धरा आणि माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य धरा. रोजचे ७५ टन होतात. लातूरच्या आडत बाजारात दहा टनी ट्रक उभे असतात, तसे सात-आठ ट्रक, रोज. बैलावर साधारण १०० किलो धरलं तर साडेसातशे बैल, तेही रोज. यात घोडे, हत्ती आणि खुद्द बैलांचं पोट मोजलेलंच नाही.

भरतपूरच्या सूरजमल जाटानं आणि मल्हारराव होळकरांनी भाऊंना सुचवलं होतं की बायकामुलं, जड तोफा आणि सामान मागे ठेवावं आणि जुन्या गनिमी पद्धतीनं हलकं होऊन लढावं. भाऊंनी ऐकलं नाही. उदगीरला तोफांनी जिंकलेल्या माणसाला तोफा सोडायचा सल्ला पटणं अवघडच होतं. हा त्यांचा हट्ट होता असं बरेच जण म्हणतात. पण एक प्रश्न राहतोच, बायकामुलं मागे ठेवायला जाटाच्या शब्दावर किती विसंबायचं? भाऊंना तो विश्वास वाटला नाही. पुढं जे झालं ते पाहता वाटायला हवा होता.

पैशाची अडचण तर पहिल्या महिन्यापासून होती. उत्तरेतून खंडणी वसूल करून खर्च भागवायचा असं ठरलं होतं, पण खंडणी येईना. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, तिजोरी रिकामी निघाली. शेवटी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून त्याचे रुपये पाडले. सुमारे ९ लाख झाले. एवढ्या फौजेला ते काही आठवडे पुरले.

१७ ऑक्टोबरला मात्र नशीब फिरल्यासारखं वाटलं. दिल्लीच्या उत्तरेला यमुनेकाठी कुंजपुरा नावाचं ठाणं आहे. अब्दालीसाठी तिथं धान्याचा मोठा साठा करून ठेवला होता. मराठ्यांनी ठाणं घेतलं. गव्हाच्या राशी, घोडे, रोकड हाती आली. दख्खनची ज्वारीची भाकरी खाणारी फौज काही दिवस पोटभर गव्हावर राहिली. यात्रेकरूंना आता कुरुक्षेत्र दिसू लागलं होतं, लष्कर त्या दिशेनं निघालंही.

आठवडाभरात, २५ ऑक्टोबरच्या सुमाराला, अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो भाऊंच्या आणि दिल्लीच्या मधे येऊन बसला. आता अफगाण दक्षिणेला आणि मराठे उत्तरेला. घराकडची वाट शत्रूच्या ताब्यात. भाऊंनी पानिपतात खंदक खणून तळ दिला. उदगीरला जे निजामाचं झालं होतं, तेच आता त्यांच्या वाट्याला आलं.

सुरुवातीला दोन्हीकडं टंचाई होती. भाऊंच्या सांगण्यावरून गोविंदपंत बुंदेले दुआबात शिरले आणि अब्दालीची रसद मारू लागले. अफगाण छावणीत धान्याचे भाव चढले. साठीच्या घरातल्या, कारकुनी पेशाच्या गोविंदपंतांनी केलेली ही कामगिरी थोडी आणखी टिकली असती तर इतिहास वेगळा लिहावा लागला असता. डिसेंबरात अताईखानानं त्यांच्यावर अचानक छापा घातला आणि ते मारले गेले. नजीबखान रोहिल्याकडून अब्दालीला येणारं धान्य पुन्हा सुरू झालं.

मराठ्यांकडे पतियाळाच्या आलासिंग जाटाकडून थोडं धान्य येत होतं, तेही बंद पडत गेलं. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी रात्री रस्ता चुकून थेट अफगाण छावणीत शिरली आणि कापली गेली. कहीवर गेलेली माणसं परत येईनाशी झाली. एका रात्री लाकूडफाटा आणि चारा आणायला बाहेर पडलेले हजारो बुणगे अफगाण स्वारांच्या तावडीत सापडले आणि तिथंच मारले गेले. बाजार, तांडा, कही, तिन्ही संपलं.

त्याच डिसेंबरात इकडे पैठणला नानासाहेब पेशव्यांचं दुसरं लग्न लागत होतं. पानिपतची पत्रं वाटेतच अडकत होती, त्यामुळे त्यांना सगळं कळत होतं असं म्हणता येत नाही. तरी ही तारीख वाचताना मराठी माणसाला त्रास होतोच.

आधी घोडे आणि बैल मेले. दख्खनच्या सुती कपड्यांत माणसं उत्तरेच्या थंडीत कुडकुडत होती. झाडांचा पाला खाण्यापर्यंत वेळ आली. या छावणीत शिपाई आणि यात्रेकरू असा फरक राहिला नव्हता. रेशन सगळ्यांचं सारखंच होतं, म्हणजे काहीच नाही.

१३ जानेवारी १७६१ ला सरदार आणि शिपाई भाऊंच्या डेऱ्यात आले. दोन दिवस पोटात अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितानं हा प्रसंग लिहून ठेवला आहे. उरलंसुरलं धान्य त्या रात्री वाटून टाकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे फौज खंदकाबाहेर पडली.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. दुपारपर्यंत गारद्यांच्या तोफांनी अफगाणांची एक बाजू खिळखिळी केली होती. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला. भाऊ परत आले नाहीत. वय ३० वर्षं. इब्राहिमखान गारदी जखमी होऊन पकडला गेला आणि नंतर मारला गेला.

जे वाचले ते दक्षिणेकडे पळत सुटले. अंगावर कपडे नाहीत, पोटात अन्न नाही. त्यांना पहिलं पोटभर जेवण मिळालं ते सूरजमल जाटाच्या मुलखात, ज्याच्या भरवशावर बायकामुलं ठेवायला भाऊ तयार नव्हते त्याच सूरजमलच्या. नाना फडणवीस असेच वेषांतर करून, लपतछपत निसटले. त्यांची आई त्या पळापळीत हरवली ती कायमची.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई मोहिमेत सोबत होत्या, त्या सुखरूप परतल्या. भाऊ गेले हे त्यांनी मानलं नाही. कपाळावरचं कुंकू तसंच ठेवून त्या १७६३ मध्ये वारल्या. त्यानंतरही कित्येक वर्षं भाऊ जिवंत असल्याच्या बातम्या उठत राहिल्या. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण स्वतःला भाऊसाहेब म्हणवू लागला, त्याच्यामागे लोकही जमले, किल्लेही गेले. १७७६ मध्ये त्या तोतयाला पकडून मारलं, तेव्हा पुण्याचा कारभार बघत होते ते नाना फडणवीसच.